घरच्यांना पास असतो

आमच्या नात्यात कुठंही लग्न असलं, की पंगती उठल्यावर कुणीतरी मला मांडवाच्या खांबाशी बसवतं आणि म्हणतं, "मास्तर, ती टेम्पोची गोष्ट होऊन जाऊ द्या." मी आढेवेढे घेतो, म्हणजे तोंडातलं पान संपेपर्यंत घेतो, आणि मग सांगतो. मला तेवढंच येतं. पोट सुटलंय, डोक्यावरचे केस कानांकडे राहायला गेलेत, घरात माझ्या बोलण्याला कुकरच्या पहिल्या शिट्टीइतकाच मान आहे. पण गोष्ट सांगायला बसलो की माणसं खुर्च्या जवळ ओढतात. टेम्पोच्या गोष्टीला तर पोरंटोरं पोट धरून हसतात. मीही हसतो. आणि हशा जिथं सगळ्यात मोठा येतो तिथं गोष्ट संपवून पाणी मागतो.

ती गोष्ट तिथं संपत नाही. सहा वर्षं मी ती अर्ध्यावर तोडून पुरी दाद घेत आलोय. मागच्या महिन्यात एक फोन आला, आणि तेव्हापासून मला त्या गोष्टीचा, ती सांगणाऱ्याचा आणि तिच्यातल्या म्हाताऱ्याचा, तिघांचाही सारखाच राग येऊन राहिलाय. म्हणून आज पुरी लिहितो.

म्हातारा म्हणजे आमचा हिंगोलीचा घरमालक. एसटीत कंडक्टर होता; हिंगोली-नांदेड गाडीवर त्याची उमर गेली. रिटायर झाल्यावर त्यानं घरामागं पत्र्याच्या चार खोल्या काढून भाडेकरू ठेवले. आम्ही त्याला 'मालक' म्हणायचो, गल्ली 'कंडक्टर' म्हणायची. खाकी शर्ट त्यानं सोडला नव्हता. चहा कधी बसून प्यायचा नाही. एका हातानं ओट्याचा खांब धरून, पाय फाकवून उभा राहायचा, जणू घर चालू आहे आणि पुढं खड्डा आहे. तिकिटाला भोक पाडायचा जुना लोखंडी चिमटा त्याच्या खिशात कायम असायचा. कुणाशी बोलणं संपलं की त्या चिमट्यानं तो खिडकीच्या गजावर दोन टोले द्यायचा. टण टण. म्हणजे गाडी सोडा. एकच टोला दिला तर समजायचं, थांबा, काहीतरी चुकलंय. त्याची बायको आम्ही यायच्या आधीच वारली होती. घरात तो आणि एक मुलगा, दोघंही फार न बोलणारे. म्हणजे मुलगा बोलायचा नाही, आणि बाप फक्त बाहेरच्यांशी बोलायचा.

बदली होऊन आम्ही हिंगोलीत आलो तेव्हा आमची गुड्डी चार वर्षांची होती. ऐन मे महिना. टेम्पो दारात लागला, टेम्पोवाल्यानं दोरीला हात घातला, तेवढ्यात मालक ओट्यावर आला आणि माझ्यापुढं हात पसरून म्हणाला, "कार्ड."

मी आधार कार्ड दिलं.

"हे तुमचं. लेकराचं दाखवा."

"तिचं अजून काढलं नाही."

"सुयांचं, मास्तर. लसीचं कार्ड."

मी बायकोकडं बघितलं. बायको टेम्पोकडं बघायला लागली. "ते तिच्या आजोळी आहे," मी म्हणालो, "नरसीला."

"तिथं काहून?"

"ती तिथंच जन्मली."

"जन्मली तिथं. ऱ्हाती कुठं?"

या प्रश्नाला बी.एड.ला उत्तर शिकवत नाहीत. मालकानं गजावर टण् करून एकच टोला दिला आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, "दोरी सोडू नको. कार्ड आल्याबिगर सामान उतरायचं न्हाई." आणि टेम्पोवाल्यानं, ज्याला मी ठरवून आणलं होतं, त्यानं त्याचं ऐकलं. खाकी शर्टाचा परिणाम.

मग मी शेजाऱ्याची मोटरसायकल मागून उन्हाचा नरसीला गेलो. सासूबाईंना वाटलं जावई भांडून आला. त्यांनी आधी दही दिलं, मग कार्ड शोधलं. देव्हाऱ्यात नाही, ट्रंकेत नाही. शेवटी ते कुरडयांच्या डब्यात सापडलं. परत आलो तेव्हा बायको आणि गुड्डी टेम्पोच्या सावलीला पेटीवर बसल्या होत्या, आणि निम्मी गल्ली ओट्याजवळ जमली होती. मालकानं चष्मा लावला. कार्डावरच्या एकेका चौकोनावर बोट ठेवत तो म्हणायला लागला, जसा कळमनुरी, बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर म्हणत असेल त्याच सुरात: "जन्माचं हाय. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन, बराबर. नऊ महिने, हाय." बोट थांबलं. "दीड वर्षाचं कुठंय?"

"ते नरसीला झालं ना," मी म्हणालो.

"नरसीला कुठं," बायको म्हणाली, "आईला वाटलं आपल्याकडं झालं."

खरं असं होतं की दीड वर्षाची सुई ज्या आठवड्यात होती त्याच आठवड्यात गुड्डीच्या मावशीचं लग्न होतं. पोरीला ताप आला तर हळदीत कोण घेऊन बसणार, पुढच्या बुधवारी करू, असं ठरलं. कुणी ठरवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. पुढचा बुधवार अडीच वर्षं झाली तरी आला नव्हता.

मालकानं कार्ड मिटलं. "माहेर म्हणतंय सासरी झालं, सासर म्हणतंय माहेरी झालं. दोन थांब्यांच्या मधीच लेकरू उतरवून दिलं की तुमी." मग गल्लीकडं वळून, "शिकलेला माणूस, शाळेत मास्तर, आन् पोरगी इनातिकीट."

इथं मांडव हसतो. इथं मी पाणी मागतो.

हसण्याच्या गडबडीत सांगायचं राहतं ते असं, की पुढच्या बुधवारी तो स्वतः गुड्डीचं बोट धरून दवाखान्यात आला. "चुकलेली गाडी पुढच्या थांब्यावर धरता येती," तो तिला सांगत होता, "पहिल्या थांब्यापासून पुना निघायचं काम न्हाई." तिथल्या सिस्टरनंही तेच सांगितलं. घरी आल्यावर त्यानं गजावर दोन टोले दिले, आणि एका जाड डायरीत गुड्डीच्या नावाचं पान केलं. झालेल्या तारखा वर. खाली तीन आकडे रिकामे: पाच, दहा, सोळा.

"सोळा?" मी म्हणालो. "लसी तर लहान लेकरांच्या असतात."

"गाडी नांदेडपस्तोर जाती, मास्तर. तुमी वारंग्याला उतरून पोचलो म्हणतेत, त्याला मी काय करू."

असल्या बोलण्याचा मला फार राग यायचा. बरोबर असायचं म्हणून जास्त यायचा.

गल्लीतल्या प्रत्येक लेकराचं त्या डायरीत पान होतं. भाडेकरूंचं तर होतंच, पण ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही अशांचंही. तारीख जवळ आली की तो दारात उभा राहायचा आणि चिमटा चौकटीवर वाजवायचा. कुणी म्हणालं मोबाइलवर असं असं आलंय, सुईनं लेकरं अशी अशी होतात, तर तो म्हणायचा, "त्या मोबाइलवाल्याला बोलवा, माझ्यासमोर बसवा. मी त्याचं बी कार्ड बघतो." कुणी म्हणालं पुढच्या बुधवारी, तर तो दर बुधवारी यायचा. आरोग्य केंद्राच्या आशाताई त्याच्यावर इतक्या खूश होत्या की गल्लीत आल्या की आधी त्याच्या ओट्यावर डायरी बघायच्या आणि तिच्यातल्या तारखांवरून घरं गाठायच्या. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र त्या कधी गेल्या नाहीत. "कंडक्टरकाकांच्या घरी काय इचारायचं," म्हणायच्या.

हे सगळं त्यानं कुठून काढलं, ते मी एकदाच विचारलं. तो खांब धरून उभा होता. "कळमनुरीला एक बाई चढली व्हती," तो म्हणाला. "लेकरू पदराखाली. मी म्हणलं पाच पुरे झाले का? पाच झाले की अर्धं तिकीट लागतंय. दुसरी बाई असती तर चार म्हणली असती. ही खरं बोलली. झाले म्हणली, पंचमीला. मी अर्धं तिकीट फाडलं. लेकराची मान अशी सुजली व्हती, श्वास घेताना आवाज यायचा. घटसर्प. सुईवर थांबतंय ते, मास्तर. एका सुईवर." चहा गार झाला होता, तो त्यानं ओट्याखाली ओतला. "अर्धं तिकीट फाडलं मी. ते बी पुरतं लागलं न्हाई तिला, अर्धापूरच्या आधीच आवाज थांबला."

आणि टण टण. बोलणं संपलं.

आम्ही आल्यावर साताठ महिन्यांत त्याच्या मुलाचं लग्न झालं. सून हट्टा गावची, हळदीच्या शेतकऱ्यांच्या घरातली, कामाला वाघीण आणि बोलायला मुकी. म्हणजे सासऱ्यापुढं मुकी. सासरा आत येताना खोकायचा, ती पदर ओढून बाजूला व्हायची. सासू असती तर निरोप तिच्यामार्फत गेले असते. ती नव्हती. मुलगा बापाशी बोलत नव्हता. त्यामुळं त्या घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा पिशवी बघून ठरायचं. सगळ्या गल्लीतल्या सुनांना दारात उभं करून जाब विचारणारा हा माणूस स्वतःच्या सुनेशी सरळ एक वाक्य बोलायचा नाही. तसं बोलत नाहीत. आमच्याकडंही बोलत नव्हते.

ती बाळंतपणाला हट्ट्याला गेली. नातू झाला. त्याला सगळे सोन्या म्हणायचे. तो तीन महिन्यांचा होऊन घरी आला तेव्हा मालकानं गल्लीत पेढे वाटले आणि दिवसभर चिमटा वाजवला, कारण नसताना, दोन दोन टोले.

गुड्डीची पाचची सुई वेळेवर झाली होती. मी मालकाच्या तावडीतून सुटलो असं समजत होतो. सोन्या सव्वातीन वर्षांचा असेल तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी बायको पोळ्या करता करता म्हणाली, "ऐकलं का. मालकांच्या सुनेनं आज सांगितलं. सोन्याचं कार्ड हट्ट्यालाच आहे."

"बरं."

"बरं काय. दीड महिन्याची सुई झाली तिकडं. अडीच महिन्यांची होती तेव्हा त्यांच्याकडं हळद शिजवायची धांदल. अख्खं घर कढईपाशी. कुणी नेलंच नाही. मग ती इकडं आली. नवऱ्याला वाटलं तिकडं झालं. त्यानं बापाला सांगितलं सगळं झालं. पुढचं काहीच झालेलं नाही. ती घाबरलीय. म्हणते मामंजींना कसं सांगू, तेच गल्लीभर शिव्या देत फिरतात. तुम्ही सांगा त्यांना."

"सांगू की," मी म्हणालो.

आता इथून पुढं मी लग्नात काहीच सांगत नाही.

त्या संध्याकाळी मी एक पोळी जास्त खाल्ली. मला इतका आनंद झाला होता. ज्यानं मला भर मे महिन्यात नरसीला पळवलं, गल्लीपुढं ज्यानं माझी मास्तरकी उतरवली, त्याच्याच घरात, त्याच्याच डोळ्यांखाली लेकरू विनातिकीट. आणि हे मला ठाऊक, त्याला नाही. अंगात ताकद आल्यासारखं झालं. म्हटलं, लगेच कशाला सांगायचं. पुन्हा तो आपल्याला चारचौघांत बोलेल ना, तेव्हा काढू. बायको दर आठ दिवसांनी विचारायची, "सांगितलं का?" मी म्हणायचो, "सांगतो. वेळ बघून सांगतो." सात महिने मी वेळ बघत होतो.

वेळ आली. गुड्डीला दहा पुरे झाले होते. तिच्या शाळेत दहाच्या सुईचा दिवस होता, आणि मी तिला घरी ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मेहुण्याचं लग्न होतं. हो, परत लग्न. परत तेच, ताप येईल, हात दुखेल, फोटोत तोंड वाकडं दिसेल. मी शाळेत शिक्षक. माझ्या वर्गात त्याच महिन्यात मी फळ्यावर लिहून मुलांना सांगितलं होतं, उद्या कुणी गैरहजर राहायचं नाही.

मालकाला दुपारपर्यंत कळलं. चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यानं मला गाठलं. "व्हा पुढं, मास्तर, मधी उभे राहू नका," तो म्हणाला, "ज्यांच्यापाशी तिकीट हाय त्यांना बसू द्या." टपरीवरचे हसले. माझे कान तापले. आणि मी म्हणालो, अगदी गोड आवाजात म्हणालो, "मालक, गल्लीचं बघता, कधी आपल्या घरच्यांचं तिकीट पण बघत जा."

तो माझ्याकडं बघून हसला. "एसटीवाला हाय मी. घरच्यांना पास असतो."

टपरी दुप्पट हसली. मीही हसलो. चहा संपवला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "बोललो बरं का त्यांना."

"काय म्हणाले?"

"हसले."

तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. पण मी सांगितलं होतं. माझ्या मनाशी मी पक्कं केलं, की मी सांगितलंय, आता त्याचं तो बघेल. लग्नाला गेलो. तिथं जेवणानंतर टेम्पोची गोष्ट सांगितली. फार रंगली.

दोन महिन्यांनी सोन्याला ताप आला. घसा दुखतोय म्हणाला. गल्लीतल्या डॉक्टरकडून औषध आणलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मालकाचा मुलगा आमच्या दारात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला. म्हणाला, "गाडी बोलावलीय, चलता का सोबत? नांदेडला." सोन्या आईच्या मांडीवर होता. मान सुजून खांद्याला लागली होती आणि श्वास घेताना आवाज येत होता. मालक गाडीत पुढं बसला. कळमनुरी आलं तेव्हा त्यानं बाहेर बघितलं नाही. वारंगा फाट्यावर ट्रकांची रांग होती. तिथं तो खाली उतरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, हात वर करून, खाकी शर्टात, आणि ट्रक थांबले. पुन्हा गाडीत बसला. 

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बॅटरीनं सोन्याचा घसा बघितला. आत राखाडी पडदा धरला होता. त्यांनी विचारलं, "लसी झाल्यात का याच्या?"

"सगळ्या," मालक म्हणाला. तो आवाज त्याचा गल्लीतलाच होता, मोठा. "एक बी राहिली न्हाई."

"कार्ड आहे?"

तो मुलाकडं वळला. मुलगा बायकोकडं वळला. आणि ती सून, जिचा आवाज मी चार-पाच वर्षांत तिच्या सासऱ्यापुढं ऐकला नव्हता, ती सरळ सासऱ्याकडं बघून बोलली. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो तिनं सावरला नाही. "कार्ड हट्ट्याला हाय, मामंजी. दीड महिन्याची एक सुई झालीय. बाकी एक बी न्हाई. मला तुमाला सांगायचं भ्या वाटलं. मी मास्तरीणबाईंना सांगितलं व्हतं. त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तर बोलतो म्हणले व्हते तुमाला."

मी भिंतीवरची पाटी वाचायला लागलो. शांतता राखा, असं लिहिलं होतं.

मालक माझ्याकडं बघत होता. तो काही बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी ती टपरीची गोष्ट सांगितली असती. माझ्याकडं वाक्य तयार होतं. त्यानं ते काढूच दिलं नाही. तो वळून डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "आता काय काय करायचं ते करा."

त्यांनी केलं. त्या रोगाच्या विषावरचं औषध दिलं, सोन्याला वेगळं ठेवलं, हृदयावर काही होतंय का म्हणून यंत्रं लावली. चौथ्या दिवशी आमच्या गल्लीत आरोग्यवाल्यांचं पथक आलं. सगळ्यांच्या घशाची तपासणी, गोळ्या, आणि घरोघर कार्डं. मालक कपडे न्यायला घरी आला होता. तो ओट्यावर उभा होता, खांब न धरता. घराघरातून बायका कार्डं घेऊन येत होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, नव्यासारखी करकरीत, शिक्क्यांनी भरलेली. गुड्डीच्या दहाचा एक चौकोन सोडला तर सगळी पुरी. पथकातली सिस्टर शेवटी त्याच्यापाशी आली. ती नवी होती, तिला काही माहीत नव्हतं. "काका, अशी गल्ली मी बघितली नाही," ती म्हणाली. "लसी राहिलेलं ते लेकरू नेमकं कुणाच्या घरचं?"

त्यानं खिशातून चिमटा काढला. आणि स्वतःच्या खिडकीच्या गजावर एकच टोला दिला.

सोन्या वाचला. हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण माझी सवय तुम्हाला माहीत झालीच आहे. तीन आठवड्यांनी तो घरी आला. पाणी प्यायला की नाकातून यायचं. बोलणं नाकातून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही महिने पळू द्यायचं नाही, हृदयाला धक्का नको. चार वर्षांच्या पोराला पळू द्यायचं नाही म्हणजे काय, ते त्या सुनेला विचारा. ती त्याला कडेवर घेऊन अंगणात फिरायची, आणि सासरा तिच्याशी बोलायचा. सरळ. "त्याला खाली सोडू नको, पोरी." एवढं तरी झालं, असं बायको म्हणाली. 

मग एके सकाळी मालक आमच्या दारात आला. धुतलेला शर्ट. चिमटा वाजवला नाही.

"तुमाला नऊ महिने ठावं व्हतं," तो म्हणाला.

"मी बोललो होतो, मालक. टपरीवर. तुम्ही हसलात."

"ते सांगणं न्हाई, मास्तर. ते टोमणा मारणं." आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यालाच मी घाबरलो. "दुश्मनाचं लेकरू बी विहिरीच्या काठाला गेलं तर माणूस वरडतंय. तुमी वेळ बघत बसले." त्यानं खिशातला चिमटा चाचपला. "मी माझ्या घरात इचारलं न्हाई, ते माझं मी बघीन. तुमी सांगितलं न्हाई, ते तुमचं तुमी बघा. आठ दिवसांत खोली खाली करा."

बायको आत भांडी लावत होती. तिनं ऐकलं. ती माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाही. आठ दिवसांत आम्ही दुसरीकडं गेलो. सामान चढवताना गल्लीतलं कुणी बाहेर आलं नाही. गुड्डीची दहाची सुई बायकोनं त्याच आठवड्यात, मला न विचारता, दवाखान्यात नेऊन दिली.

मला राग आला. खूप राग आला. स्वतःच्या घरात बघितलं नाही तो माणूस मला काढतो? पुढं वर्षानुवर्षं मी हेच म्हणत राहिलो, मनात. बाहेर लग्नांमध्ये टेम्पोची गोष्ट सांगत राहिलो आणि लोकांना त्याच्यावर हसवत राहिलो. तो राग होता म्हणूनच गोष्ट इतकी रंगायची, हे आता कळतं. सूड घेणारा माणूस फार मन लावून बोलतो.

मागच्या महिन्यात फोन आला. अनोळखी नंबर. एक पोरगं म्हणालं, "मास्तरकाका का? आबा बोलतेत." आवाज स्वच्छ होता, नाकातला नव्हता. मग म्हातारा. सहा वर्षांनी. नमस्कार नाही, कसे आहात नाही.

"सोन्याचं दहाचं आज झालं," तो म्हणाला. "डायरी उघडली व्हती. तुमच्या पोरीला सोळा पुरे झाले. तिचं?"

"ती लातूरला असते, मालक. हॉस्टेलवर, शिकवणीसाठी. तिथं झालं असेल."

पलीकडं डायरीचं पान उलटलेलं ऐकू आलं. मग लांबून, लोखंडावर लोखंड, एकच टोला. फोन कट.

मी हॉस्टेलला फोन लावला. बाई म्हणाल्या, "सर, लसीचं पालकच घरी बघतात." बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं, दहावीत शाळेतच झालं." शेवटी गुड्डीला लावला. ती म्हणाली, "पप्पा, रविवारी टेस्ट आहे. हात दुखला तर? पुढच्या महिन्यात येईन ना, तेव्हा करू."

हे वाक्य मी ओळखलं. ते माझं होतं. आवाज तिचा, वाक्य माझं. मी तिच्यावर चिडलो, मग फोन ठेवून ज्याच्यावर चिडायला पाहिजे होतं त्याच्यावर चिडलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं लातूरला गेलो. गुड्डी सरकारी दवाखान्याच्या बाकावर गाल फुगवून बसली. सुई टोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. आम्ही दर वेळी जे पुढं ढकलत आलो त्याला मोजून एक मिनिट.

दवाखान्याच्या पायरीवरून मी त्याच नंबरला फोन लावला. म्हाताऱ्यानंच उचलला. मी फक्त तारीख सांगितली. तो ती सावकाश पुन्हा म्हणाला, लिहिणारा माणूस म्हणतो तशी.

"मालक," मी म्हणालो, "त्या वेळी मी—"

"तारीख लिहिली," तो म्हणाला.

आणि मग टण टण.

गाडी सोडा, एवढाच त्याचा अर्थ. माफ केलं असा होत नाही. सहा वर्षं त्याच्या खोलीत काढली आहेत, त्याचे टोले मला बरोबर कळतात.